वाऱ्याचा वेग आणि त्याचे साक्षीदार



शहागडास गोदावरीच्या काठीं उभें राहून पाण्याचा वेग अजमावयाचा झाल्यास आपण प्रवाहांत काडी टाकतों व ठराविक अंतर ती किती वेळांत तोडते तें पाहतों. वस्तुतः मोजला जातो तो काडीचा वेग. पाण्याचाहि तोच असावा, असें आपण धरून चालतों. प्रचंड वेगाचा वारा लेसरच्या प्रकाशानें मोजतात, त्यांतहि हेंच गृहीत धरलेलें असतें.

विमानांच्या प्रतिकृति पारखण्याच्या बोगद्यांत वारा ध्वनीहून जलद वाहूं लागला, कीं पुढील अडथळ्याची वर्दी त्याला अगाऊ पोंचत नाहीं. मग वेग हळूहळू न उतरतां एकदम कोसळतो. या कड्यास आघाततरंग म्हणतात. ध्वनीच्या दुप्पट वेगाचा वारा अशा आडव्या तरंगांतून जातांच मूळ वेगाच्या तीन अष्टमांशावर येतो. सेकंदास 518 मीटर असेल तर 194 मीटर होतो, आणि तोहि केसाच्या जाडीहून पुष्कळ कमी अंतरांत! तेथें मापनळी खुपसावी, तर नळीच आपल्यापुढें निराळा तरंग उभा करते.

म्हणून प्रकाशाचा आश्रय. 1964 सालीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत ये व कमिन्स यांनीं द्रवाच्या प्रवाहाचा वेग लेसरनें मोजून दाखविला. आतां एका लेसरचे दोन किरण करून ते एके ठिकाणीं छेदूं देतात. तेथें उजेड-अंधाराच्या बारीक पट्ट्या पडतात. हवेंत सोडलेला तेलाचा सूक्ष्म थेंब त्या ओलांडतांना लुकलुकतो. पट्ट्यांमधील अंतर 5 मायक्रोमीटर धरल्यास तरंगाच्या अलीकडे ही लुकलुक सेकंदास दहा कोटींहून अधिक वेळां होते, पलीकडे चार कोटींहूनहि कमी.

परंतु थेंबाला जडत्व आहे. हवा थबकली तरी तो पुढें धांवतच राहतो. 1 मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबास हवेशीं जुळवून घ्यावयास मिलिमीटरभर किंवा त्याहून अधिक अंतर लागतें. त्यामुळें आलेखांत कड्याच्या जागीं उतरण दिसते! विमानाच्या इंजिनांत शिरणाऱ्या हवेचें गणित असल्या आलेखांशीं ताडून पाहतात. उतरण खरी मानली, तर बरोबर गणित चुकीचें ठरावयाचें.

थेंबाचा व्यास निम्मा केला तर ही दिरंगाई चतुर्थांशावर येते. पण इतक्या लहान थेंबाकडून प्रकाशहि फार थोडा परततो. यास्तव जाणते प्रयोगकर्ते प्रथम ज्याचें गणित पक्कें ठाऊक आहे अशा तरंगावरच थेंबांची परीक्षा घेतात. हा शिरस्ता मला फार पसंत आहे. साक्ष घेण्यापूर्वीं साक्षीदार पारखावा.

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत आघात-बोगदा आहे. अशा बोगद्यांत उपयोगी झोत सेकंदाचे अवघे कांहीं सहस्रांश टिकतो. तेवढ्या अवधींत थेंब नेमका पट्ट्यांवरून गेला पाहिजे. न गेला, तर सारी तयारी पुन्हां पहिल्यापासून करावी लागते.