नकाशाआधी

बदलापूर पूर्वेचे एक गृहस्थ घराचा नकाशा घेऊनच आले होते. तळमजला, वर एक मजला, पुढे ओटा, ओट्यासमोर तुळशी वृंदावन. नकाशा सुरेख होता. काढून घ्यायला तीन महिने लागले होते आणि कुटुंबातल्या प्रत्येकाची एक तरी इच्छा त्यात मावली होती. "दीड गुंठा आहे. दीडशे मीटरपर्यंत परवानगी लागत नाही म्हणतात, मग पाया कधी घ्यायचा?" असं त्यांनी विचारलं.

एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दीड गुंठ्याचे होतात १५१.७५. म्हणजे ज्या सवलतीच्या भरवशावर पाया खणायचा होता, तिच्या मर्यादेबाहेर पावणेदोन चौरस मीटर.

गेली बरीच वर्षं मी परवानगीच्या फायली करतो आहे. माणसं नकाशा आधी काढतात आणि परवानगी कोणत्या मार्गाने घ्यायची हे नंतर विचारतात. खरं तर मार्ग आधी ठरतो, आणि घर किती उंच होईल, किती मागे सरकेल, पैसे कधी लागतील हे त्यावरून ठरतं.

सगळ्यात आधी पाहायचं ते परवानगी देणार कोण. आपल्या पट्ट्यात हे वाटतं तितकं सरळ नाही. उल्हासनगरात महानगरपालिका, अंबरनाथमध्ये नगर परिषद, बदलापुरात कुळगाव-बदलापूर नगर परिषद. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अंबरनाथच्या मोरिवली किंवा आनंदनगर औद्योगिक वसाहतीतला भूखंड असेल, तर नियोजन प्राधिकरण एमआयडीसी. तिची स्वतःची बांधकाम नियमावली आहे आणि अर्ज तिच्याकडेच जातो. घरपट्टीची पावती नगर परिषदेची आहे म्हणून बांधकाम परवानगीही तिथेच मिळेल, असं समजून लोक महिनोन्‌महिने घालवतात. शहराच्या हद्दीबाहेरच्या गावांत तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजेच परवानगी असा समज अजून पक्का आहे. तो दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. हे ज्या घरांना नोटिशीतून कळलं, ती घरं मी पाहिली आहेत.

प्राधिकरण कळलं की सातबारा किंवा मालमत्ता पत्रक घ्या आणि इतर हक्कांचा रकाना सावकाश वाचा. "भोगवटादार वर्ग २" असेल तर महसूल खात्याची परवानगी आधी. कुळाचा शेरा, न्यायालयीन दाव्याची नोंद, खाजगी वनाची नोंद यांतली एकही बाब असली तर नकाशा बाजूला ठेवा. ठाणे जिल्ह्यात खाजगी वनाची नोंद ही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि ती सुटल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. गुंठ्याने घेतलेली जागा मंजूर लेआउटमधली आहे की शेतजमिनीचा तुकडा आहे, हेही इथेच दिसतं. लेआउट मंजूर नसेल तर आधी गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्याखाली नियमित होण्याचा मार्ग आहे का ते बघावं लागतं. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत आणली.

बिनशेतीची मात्र लोकांना उगाच धास्ती असते. विकास आराखड्यात रहिवासी विभागात आलेल्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ ब प्रमाणे वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही. ठरलेला कर वगैरे तेवढा भरावा लागतो.

मग झोन दाखला आणि भाग नकाशा. नगररचना विभागात अर्ज करून हे दोन कागद घ्यायला खर्च थोडाच येतो. जागा रहिवासी विभागात आहे की हरित पट्ट्यात, त्यावर आरक्षण आहे का, आराखड्यातला रस्ता तिच्यातून जातो का, हे तिथे रेषेत दिसतं. याच वेळी टेप घेऊन समोरचा रस्ता मोजा. कागदावर नऊ मीटर आणि प्रत्यक्षात सहा, असे रस्ते आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. राज्याच्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या यूडीसीपीआरमध्ये, किती एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) मिळेल आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) वापरता येईल का हे बऱ्याच अंशी रस्त्याच्या रुंदीवर ठरतं.

आता आजूबाजूला बघायचं, कारण आपल्या तिन्ही गावांत मूळ परवानगीच्या आधी दुसऱ्याच कुणाची परवानगी लागेल अशा जागा पुष्कळ आहेत. अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन १०६० चं, केंद्र संरक्षित. त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. तिथे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या प्रक्रियेतून गेल्याशिवाय नगर परिषदेचा कागद उपयोगाचा नाही. अंबरनाथलाच आयुध निर्माणी आहे. तिच्या भिंतीलगत जागा असेल तर संरक्षण खात्याच्या अंतराचे नियम आधी विचारा. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं तर रेल्वेची एनओसी लागते, आणि मध्य रेल्वे तिन्ही शहरांच्या मधोमध धावते.

नदीचं तर वेगळं सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, तेव्हा उल्हास नदी किती पसरू शकते ते साऱ्या देशाने पाहिलं. पात्र आणि नदीजवळची निळी पूररेषा यांमध्ये नवं घर बांधता येत नाही. निळ्या आणि तिच्यापलीकडच्या लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर घ्यावं लागतं. हे आधी कळलं तर भरणीचा, पायऱ्यांचा, उताराचा विचार नकाशातच होतो. नंतर कळलं तर अख्खा नकाशा पुन्हा.

हे सगळं झाल्यावर मार्गाचा प्रश्न येतो. यूडीसीपीआरमध्ये जोखमीप्रमाणे वर्गवारी आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचं लहान घर हा कमी जोखमीचा वर्ग. वास्तुविशारदाने किंवा परवानाधारक तंत्रज्ञाने नियमाप्रमाणे नकाशे, मालकीचे कागद आणि सूचना दाखल करून शुल्क भरलं की त्या पावतीवर काम सुरू करता येतं. "परवानगी लागत नाही" हे वाक्य इथूनच पसरलं. परवानगीची वाट बघावी लागत नाही एवढाच त्याचा अर्थ. नियम, समास अंतर, उंची सगळं पाळावंच लागतं आणि त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर आणि मालकावर येते. १५० ते ३०० पर्यंत मध्यम जोखीम, तिथे दहा दिवसांत परवानगी. त्याहून मोठ्या किंवा गुंतागुंतीच्या कामाला नेहमीची छाननी. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. मोठा प्रकल्प असेल तर वर आणखी दारं: भूखंड ५०० चौरस मीटरच्या वर आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील तर महारेरा, एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटरला पोचलं तर पर्यावरण मंजुरी.

उल्हासनगरबद्दल मनापासून एक सांगायचं आहे. हे शहर फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसलं. निर्वासित कुटुंबांनी तिथे जमेल तशी भर घातली, आणि ती भर पुढे इमारती झाली. बेकायदा ठरलेल्या ८५५ इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, तेव्हा राज्याला फक्त या एका शहरासाठी २००६ मध्ये नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. म्हणून तिथे जुनी इमारत पाडून बांधायची असेल, तर पहिला कागद नकाशाचा नसतो. जागेची सनद किंवा अभिहस्तांतरण, आणि मूळ इमारत नियमित झाली आहे का, हे आधी. मग ठरतं की एकट्याने पुनर्विकास करायचा, शेजाऱ्यांसह एकत्र यायचं, की समूह विकासात जायचं. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून तिथे माणसं गेली. रहिवासी मला घाईने विचारतात, तेव्हा त्यांची घाई मला खरी वाटते, आणि म्हणूनच चुकीच्या मार्गात त्यांचं वर्ष जाऊ नये असं वाटतं.

दीड गुंठ्याच्या त्या गृहस्थांनी आधी भूमी अभिलेखची मोजणी करून घेतली. मोजणी नकाशाची 'क' प्रत आली, क्षेत्र बरोबर १५१ च्या वरच भरलं. फाइल दहा दिवसांच्या मार्गाने गेली. भाग नकाशात समोरचा रस्ता रुंद होणार होता, त्यामुळे ओटा तीन फूट आत आला आणि तुळशी वृंदावन घराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात गेलं. तिथे सकाळचं ऊन जास्त वेळ मिळतं, असं त्यांच्या आई म्हणाल्या.