कर्करोगावर उपचार घेणारा विद्यार्थी व शिक्षकाचे कर्तव्य

कर्करोग हा उतारवयातील रोग होय, असा समज खेड्यापाड्यांतून रूढ आहे. वस्तुतः तो बालकांसही होतो, आणि बालवयात त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे रक्ताचा कर्करोग होय. त्यावर पूर्वी गुणकारी इलाज नव्हता. १९४८ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी हा रोग औषधाने काही काळ तरी हटविता येतो, हे दाखवून दिले. आज वेळेवर व संपूर्ण उपचार मिळालेली बहुतेक बालके बरी होतात. सबब आपला विद्यार्थी वर्गात परत येणार आहे, असे धरूनच शिक्षकाने वागावे.

शहाड व आसपासच्या गावांतील अशा बालकास अनेकदा परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालयात नेतात. १९४१ मध्ये स्थापन झालेले हे रुग्णालय लोकलगाडीच्या टप्प्यात आहे, ही सोय खरी. परंतु प्रवास, रक्ततपासणी व औषध मिळेपर्यंतची प्रतीक्षा यांत सारा दिवस जातो. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारणतः दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिले काही महिने ते तीव्र असल्याने शाळा बहुधा बंदच राहते. पुढे घरी गोळ्या घेत व ठराविक दिवशी रुग्णालयात जात अनेक मुले डॉक्टरांच्या अनुमतीने शाळेत येऊ शकतात.

या काळात मुलाच्या शरीरात पडणारे फरक शिक्षकास ठाऊक असावेत. केस गळतात; ते पुन्हा येतात. काही औषधांनी चेहरा सुजतो, भूक वाढते व स्वभाव चिडचिडा होतो. व्हिन्क्रिस्टीन नावाच्या औषधाने हातापायांच्या नसा दुबळ्या होतात, त्यामुळे अक्षर बिघडते व चालताना पाय अडखळतो. ज्याचे अक्षर काल वळणदार होते, त्याचे आज वेडेवाकडे झाल्यास तो आळस समजू नये. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्याने साधा संसर्गही त्यास घातक ठरतो.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. वर्गात कोणास कांजिण्या किंवा गोवर निघाल्याचे कळताच, त्याच दिवशी या मुलाच्या पालकांस निरोप द्यावा. संसर्गानंतर पहिल्या काही दिवसांतच प्रतिबंधक औषधाचा उपयोग होतो. शिक्षकाच्या दिरंगाईने ती संधी हुकू शकते.

२. अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आढळल्यास शाळा सुटण्याची वाट पाहू नये. पालकांस तत्काळ बोलावून मुलास रुग्णालयात नेण्यास सांगावे. स्वतः कोणतेही औषध देऊ नये.

३. शाळेतील लसीकरणाच्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी संमतीवाचून त्यास लस देऊ देऊ नये.

४. डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत कबड्डी, खो-खो यांत उतरवू नये. मात्र गुणलेखक किंवा पंच म्हणून मैदानावर अवश्य न्यावे.

५. हा रोग स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही, हे मूल परतण्यापूर्वीच पालकांच्या संमतीने वर्गास समजावून सांगावे.

६. दीर्घ गैरहजेरीमुळे नाव कमी करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढून टाकता येत नाही. आठवड्याचा अभ्यास भावंडाकरवी किंवा शेजाऱ्याकरवी घरी पोहोचवावा. तो थोडा असावा आणि तपासून परत द्यावा. तोंडी उत्तरे व लेखनास अधिक वेळ, या सवलती द्याव्यात.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. तीव्र उपचार संपले की मूल हसूखेळू लागते, केस येतात, आणि ते बरे झाले असे घरच्यांस वाटते. बुडणारी मजुरी व प्रवासखर्च यांनी गांजलेले पालक मग गोळ्या व फेऱ्या थांबवितात. अशा वेळी रोग उलटण्याचे भय असते, व उलटलेला रोग बरा करणे फार कठीण जाते. गावात शिक्षकाच्या शब्दास मान आहे. रुग्णालयाची पुढील तारीख विचारून ती स्वतःच्या टिपणवहीत नोंदवावी, व खर्चाची अडचण असल्यास पालकांस रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे जाण्यास सांगावे.

मुख्याध्यापकांनी हे टिपण आपल्या सर्व सहकाऱ्यांस वाचून दाखवावे. आज शाळेत असा विद्यार्थी नसला, तरी उद्या येणाऱ्यास त्याचा उपयोग होईल.