बेदाणा, श्वास आणि अबोल आजोबा

आजोबा हल्ली अबोल झाले आहेत. पहाटे तीनलाच जाग येते, जेवण जात नाही, चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही. घरची मंडळी म्हणतात, "वय झालं, चालायचंच!" पण थांबा. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, तर तो वयाचा दोष नव्हे. तो खिन्नता हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

या आजारात मन अडकलेल्या तबकडीसारखे फिरत राहते. "माझा कोणाला उपयोग नाही," हा विचार इतक्या वेळा येतो की तो विचार न राहता सत्यच वाटू लागतो.

ही अडकलेली सुई उचलण्याचा एक मार्ग म्हणजे सजगतेचा अभ्यास. बौद्ध ध्यानपरंपरेतील ही रीत घेऊन जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. आठ आठवड्यांच्या या वर्गातला एक प्रसिद्ध पाठ बेदाण्याचा! एकच बेदाणा हातावर घ्यायचा. त्याच्या सुरकुत्या पाहायच्या, वास घ्यायचा, मग सावकाश चावायचा. पुढे हेच लक्ष श्वासावर आणि विचारांवर ठेवायचे. विचार आला की "हा एक विचार आहे" असे ओळखून पुन्हा श्वासाकडे वळायचे. म्हाताऱ्या माणसांना हे खुर्चीत बसूनही करता येते.

पण गुण खरोखर याचाच कशावरून? चार माणसांत बसल्यानेही बरे वाटतेच की! म्हणून अमेरिकेतील संशोधकांनी एक युक्ती केली. चिंता किंवा खिन्नता असलेल्या, ६५ वर्षांवरील १०३ जणांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाला सजगता शिकवली, दुसऱ्याला वर्गात बसवून आरोग्याचे धडे दिले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सजगतेच्या गटाची खिन्नता अधिक कमी झाली होती, स्मरणाच्या चाचण्यांतही तो पुढे होता.

मात्र ही जादूची कांडी नव्हे. विसरभोळेपणाची तक्रार असलेल्या, पण स्मृतिभ्रंश नसलेल्या ५८५ वृद्धांवरील चाचणीत (२०२२) या अभ्यासाने स्मरणशक्ती विशेष सुधारली नाही.

तेव्हा आजोबांना आधी डॉक्टरांकडे न्या. चालू औषधे परस्पर बंद करू नका. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. आणि आज संध्याकाळी दोन बेदाणे घेऊन त्यांच्याशेजारी बसा. एक त्यांना, एक तुम्हाला. घाई मात्र करायची नाही!