पाकिटातल्या सात गोळ्या

सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंच्या पिशवीत 'माला-एन' नावाचं पाकीट असतं. आत 28 गोळ्या: 21 पांढऱ्या आणि 7 गडद रंगाच्या. रोज एक घ्यायची, पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवं उघडायचं. गंमत अशी, की गर्भ राहू न देण्याचं औषध फक्त त्या 21 गोळ्यांत असतं. उरलेल्या 7 निव्वळ लोहाच्या. त्या आठवड्यात रक्तस्राव होतो, पण ती खरी पाळी नव्हे; हार्मोन थांबल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर सुटतं, इतकंच. आरोग्यासाठी या खंडाचा काही फायदा नाही, असं ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये स्पष्ट सांगूनही टाकलं. मग हे सात दिवस पाकिटात शिरले कसे?

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. गर्भार बाईला पुन्हा दिवस जात नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण का जात नाहीत? शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक गावच्या लुडविग हाबरलांट यांनी गाभण सशांची अंडाशयं दुसऱ्या माद्यांच्या शरीरात बसवली. त्या माद्या काही काळ गाभण राहीनात. म्हणजे त्या अंडाशयातून काहीतरी पाझरत होतं. ते 'काहीतरी' म्हणजे प्रोजेस्टेरॉन. ते रक्तात असलं की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी समजते, गर्भ राहिलेला आहे, आणि नवं अंडं सोडण्याचा हुकूम देतच नाही. बाईचं शरीर स्वतःच गर्भनिरोधक बनवतं, तेही नेमकं गर्भारपणात!

अडचण एकच होती. जनावरांच्या अवयवांतून प्रोजेस्टेरॉन काढायचं तर ते चिमूटभर मिळे आणि सोन्याहून महाग पडे. रसेल मार्कर नावाच्या तऱ्हेवाईक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला एका वनस्पतीच्या पुस्तकात मेक्सिकोतल्या भल्यामोठ्या कंदाचं चित्र दिसलं. 1942 मध्ये तो व्हेराक्रूझ प्रांतात जाऊन थडकला. त्याला स्पॅनिश धड येत नव्हतं. एका गावातल्या दुकानदाराच्या मदतीने त्याने कंद मिळवले, त्यातलं डायोसजेनिन वेगळं केलं आणि मोजक्या पायऱ्यांत त्याचं प्रोजेस्टेरॉन बनवलं. काही टन कंदांतून काही किलो माल! जगाने एवढं प्रोजेस्टेरॉन एका जागी पाहिलं नव्हतं. त्यातूनच 1944 मध्ये मेक्सिको सिटीत सिंटेक्स कंपनी उभी राहिली, आणि वर्षभरात मार्कर भांडून निघूनही गेला.

हा कंद आपल्या कोनफळाच्या आणि करांद्याच्या कुळातला. पण म्हणून काही कोनफळाची भाजी खाऊन पाळणा लांबत नाही, हेही सांगून ठेवतो. आपल्या शरीराला मार्करची युक्ती येत नाही. डायोसजेनिन मेथीच्या दाण्यांतही असतं, आणि बाळंतिणी मेथीचे लाडू पिढ्यान्‌पिढ्या खात आल्या आहेत.

तोंडावाटे घेतलेलं प्रोजेस्टेरॉन फारसं चालत नसे. यकृतच त्याचा निकाल लावी. सिंटेक्समध्ये कार्ल जेरासी यांच्या हाताखाली लुईस मिरामोंतेस हा 26 वर्षांचा विद्यार्थी काम करत होता. 15 ऑक्टोबर 1951 रोजी त्याच्या चंचुपात्रात नॉरएथिस्टेरॉन तयार झालं. मूळ सांगाड्यातला एक कार्बन काढला, दुसऱ्या जागी दोन कार्बनचं शेपूट जोडलं, आणि गिळता येईल असं जबरदस्त हार्मोन हाती आलं. सर्ल या कंपनीनेही जवळजवळ तसाच रेणू बनवला.

इथून पुढची गोष्ट रसायनशास्त्राची उरत नाही. संततिनियमनाच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेल्या मार्गारेट सँगर यांना अशी गोळी हवीच होती. याच सँगरबाई डिसेंबर 1935 मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींशी तावातावाने बोलून गेल्या होत्या. गांधीजींचा कृत्रिम साधनांना ठाम विरोध, उपाय एकच, संयम. मात्र महिन्यातले 'सुरक्षित दिवस' पाळण्याची पद्धत त्यांना इतर उपायांइतकी खटकली नाही, कारण उरलेल्या दिवसांत संयम राखावा लागतो. आणि नवल म्हणजे 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी कॅथॉलिक जोडप्यांना सबळ कारण असेल तर जी सवलत दिली, तीही हीच.

डॉ. जॉन रॉक यांनी नेमका हा धागा पकडला. ते हार्वर्डचे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रोज चर्चला जाणारे कॅथॉलिक. मूल होत नसलेल्या बायकांना ते काही महिने सलग हार्मोन देत. पाळी थांबायची, आणि त्या बिचाऱ्यांना वाटायचं, दिवस राहिले! हा गैरसमज टळावा म्हणून गोळीवर काम करणारे संशोधक ग्रेगरी पिंकस यांनी सुचवलं, 20 दिवस द्या आणि थांबा, रक्तस्राव होईल. गोळी घेऊनही महिन्याचं चक्र जसंच्या तसं दिसू लागलं. मग रॉक यांनी चर्चपुढे युक्तिवाद केला, की ही गोळी निसर्गाचे सुरक्षित दिवस फक्त लांबवते. बाईची धास्ती आणि धर्माची संमती, दोन्हींना सोयीचा असा तो खंड होता. पुढे 21 आणि 7 असा हिशोब रूढ झाला.

या कथेत लाजिरवाणं पानही आहे. 1956 मध्ये मोठी चाचणी झाली ती पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांवर. हे औषध अजून प्रयोगावस्थेत आहे, हे त्यांना सांगितलं नव्हतं. आजच्या मानाने मात्रा प्रचंड होती, आणि उलट्या, चक्कर या तक्रारी मनाचे खेळ म्हणून झटकल्या गेल्या. 1957 मध्ये अमेरिकेत ही गोळी 'एनोविड' नावाने विकायला परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. लगेच अमेरिकेत पाळीच्या तक्रारी असलेल्या बायका भराभर वाढल्या! गर्भनिरोधक म्हणून उघड मान्यता मिळाली 1960 मध्ये. रॉक यांचा युक्तिवाद मात्र हरला. पोपनेच नेमलेल्या आयोगातल्या बहुमताने सूट द्यावी असं म्हटलं असूनही, सहावे पॉल यांनी जुलै 1968 मध्ये गोळी निषिद्ध ठरवली. आणि ज्या मेक्सिकोतले शेतकरी जंगलातून पोत्यांनी कंद खणून आणत होते, तिथे गर्भनिरोधकांची जाहिरात सत्तरच्या दशकापर्यंत कायद्याने बंद होती.

आपल्याकडे तरी काय वेगळं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या शंभर विवाहितांपैकी जेमतेम पाच जणी गोळी घेत होत्या, आणि जवळजवळ 38 जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. पण मिरामोंतेसचं तेच नॉरएथिस्टेरॉन गौरी-गणपतीच्या आधी, सत्यनारायणाच्या आधी, लग्नाच्या आधी मेडिकलमधून बिनदिक्कत घरी येतं. पाळी पुढे ढकलायची गोळी सासूबाई स्वतः आणून देतात. गर्भनिरोधकाची गोळी कागदात गुंडाळून पर्सच्या तळाशी जाते. आक्षेप औषधाला कधी नव्हताच, तो हेतूला होता, हे यावरून माझ्यापुरतं तरी पक्कं झालं आहे. लोहाच्या सात गोळ्यांबद्दल मात्र आपल्या योजनाकारांना दाद द्यायला हवी. इतक्या बायकांच्या अंगात रक्त कमी असलेल्या देशात त्यांनी रिकामे दिवस वाया जाऊ दिले नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा. सणावारी घेतली जाणारी पाळी पुढे ढकलायची गोळी गर्भधारणा रोखेल असं समजू नका. त्या मात्रेत आणि तेवढ्या दिवसांत तिचा तसा भरवसा नाही. तिचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा घरात कोणाला तो त्रास असेल, तर शेजारणीच्या सांगण्यावरून ती घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.