परदेशात क्रेडिट कार्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आईवडील, ग्रुप टूरने युरोप पाहायला जाणारे कुटुंब किंवा शिकायला जर्मनीत जाणारा विद्यार्थी, व्हिसा आणि विम्याची तयारी सगळेच महिनाभर आधी करतात. खिशातल्या क्रेडिट कार्डाबद्दल मात्र शेजारी, नातेवाईक आणि व्हॉट्सअॅप जे सांगतात त्यावर भिस्त ठेवली जाते. त्यात खरे कमी आणि ऐकीव जास्त असते. एका सहलीत यापायी हजारो रुपये सहज जातात, म्हणून नेहमी ऐकू येणारे आठ गैरसमज इथे एकेक करून तपासू.

गैरसमज १ : कार्डावर ‘इंटरनॅशनल’ छापले आहे, म्हणजे ते परदेशात आपोआप चालेल.

वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार नवे किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानांतल्या मशीनवर चालते. परदेशातला वापर, ऑनलाइन खरेदी आणि टॅप करून पैसे देणे या सोयी ग्राहकाने स्वतः सुरू करायच्या असतात. बँकेच्या अॅपमध्ये त्यासाठी वेगवेगळी बटणे असतात आणि प्रत्येकासाठी रकमेची मर्यादाही ठरवता येते. ही कामे मुंबईच्या विमानतळावर घाईत करण्यापेक्षा आठवडाभर आधी करावीत. त्याच वेळी कार्डाचा पिन आठवतो का, हे जवळच्या दुकानात एकदा कार्ड वापरून पाहावे. युरोपातल्या रेल्वे स्थानकांवरच्या तिकीट यंत्रांना अनेकदा पिन लागतो आणि मदतीला तिथे माणूस असेलच असे नाही.

गैरसमज २ : गूगलवर दिसतो त्याच दराने बिल येते.

वस्तुस्थिती : परकीय चलनाचे रुपयांत रूपांतर व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या नेटवर्कच्या दराने होते. त्यावर तुमची बँक ‘फॉरेक्स मार्कअप’ लावते. बहुतेक कार्डांवर तो २ ते ३.५ टक्के असतो. काही मोजक्या कार्डांवर तो शून्य असतो. मार्कअपच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो.

सोयीसाठी डॉलरचा दर ९० रुपये धरू. १,००० डॉलरची खरेदी म्हणजे ९०,००० रुपये. ३.५ टक्के मार्कअपचे ३,१५० रुपये आणि त्यावर जीएसटीचे ५६७ रुपये, म्हणजे ३,७१७ रुपये जादा. तीच खरेदी २ टक्के मार्कअपच्या कार्डावर केली तर जादा रक्कम २,१२४ रुपये होते. घरात दोन कार्डे असतील तर कोणते सोबत न्यायचे, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. रिवॉर्ड पॉइंटच्या जाहिरातीपेक्षा मार्कअपचा आकडा आधी पाहावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दर खरेदीच्या क्षणाचा लागतोच असे नाही. व्यवहार नेटवर्ककडे पूर्ण होतो त्या दिवसाचा दर लागू होतो. वस्तू परत केली तर परतावा त्या वेळच्या दराने येतो, त्यामुळे रुपयांतली रक्कम थोडी कमी-जास्त होऊ शकते.

गैरसमज ३ : मशीनने ‘रुपयांत पैसे द्यायचे का?’ असे विचारले तर ‘हो’ म्हणावे. रक्कम लगेच कळते आणि फसवणूक होत नाही.

वस्तुस्थिती : परदेशात बरेच पैसे इथे वाया जातात. या सोयीला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. यात रूपांतराचा दर तुमची बँक ठरवत नाही, तो दुकानदाराच्या बाजूची पेमेंट कंपनी ठरवते आणि त्यात आपला नफा घालते. वरच्याच खरेदीत तिने दर ५ टक्क्यांनी चढा लावला, तर बिल थेट ९४,५०० रुपयांचे होते. शिवाय परदेशातल्या दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावर अनेक भारतीय बँका १ टक्क्याच्या आसपास वेगळे शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. म्हणजे ३.५ टक्के मार्कअपचे महागडे कार्डही याच्या तुलनेत स्वस्त ठरते.

पॅरिसमध्ये युरो, लंडनमध्ये पौंड, बँकॉकमध्ये बाथ असे नेहमी त्या देशाचेच चलन निवडावे. एटीएमच्या पडद्यावर असा प्रश्न आला तर रूपांतर नाकारावे, पैसे तरीही मिळतात. दुकानदाराने न विचारता रुपयांची पावती काढली, तर सही करण्याआधी तो व्यवहार रद्द करून पुन्हा स्थानिक चलनात करायला सांगावे.

गैरसमज ४ : अडीअडचणीला क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढता येते, फार तर थोडे शुल्क पडेल.

वस्तुस्थिती : क्रेडिट कार्डावर काढलेली रोख म्हणजे कर्ज, आणि त्याला बिनव्याजी मुदत नाही. पैसे हातात येतात त्या दिवसापासून व्याज सुरू होते. समजा, २०,००० रुपयांइतकी रोख काढली. रोख काढण्याचे शुल्क २.५ टक्के धरले तर ५०० रुपये, मार्कअप ३.५ टक्के धरला तर ७०० रुपये, या दोन्हींवर जीएसटी २१६ रुपये. व्याजदर महिना ३.५ टक्के असेल तर महिनाभरात आणखी ७०० रुपये. एकूण भुर्दंड दोन हजारांच्या वर गेला. स्थानिक एटीएमचालकाने आपले शुल्क लावले तर ते निराळे. रोख लागणारच असेल तर फॉरेक्स कार्ड (म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेले कार्ड) किंवा बँकेचे डेबिट कार्ड वापरावे.

गैरसमज ५ : परदेशात क्रेडिट कार्ड वापरले की सरकार २० टक्के कर कापते.

वस्तुस्थिती : ही अफवा २०२३ च्या मे महिन्यातली आहे आणि तिला निमित्तही होते. सरकारने १६ मे २०२३ रोजी अधिसूचना काढून परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’मध्ये आणला. या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परकीय चलन वापरता येते आणि ठरावीक रकमेच्या पुढे टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, कापला जातो. या निर्णयावर गदारोळ झाला आणि २८ जून २०२३ रोजी सरकारने अंमलबजावणी पुढे ढकलली. त्यामुळे परदेश दौऱ्यात क्रेडिट कार्डाने केलेल्या खर्चावर टीसीएस लागत नाही.

फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे मात्र या योजनेत मोजले जातात. १ एप्रिल २०२५ पासून टीसीएससाठी वर्षाला १० लाख रुपयांची मर्यादा आहे, त्यामुळे सामान्य सहलीला ती सहसा आड येत नाही. परदेशी सहलीचे पॅकेज भारतातल्या टूर कंपनीकडून घेतले तर कंपनी टीसीएस आकारते, मग पैसे कोणत्याही मार्गाने द्या. हा कर बुडीत खाती जात नाही. विवरणपत्र भरताना तो आपल्या प्राप्तिकरात वळता होतो किंवा परत मिळतो.

गैरसमज ६ : ओटीपी सांगितल्याशिवाय कार्डावरून पैसे जाणारच नाहीत.

वस्तुस्थिती : ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते, हा भारतातला नियम आहे. अनेक परदेशी संकेतस्थळे फक्त कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे घेऊन पैसे वसूल करतात. म्हणून हॉटेलच्या काउंटरवर कार्डाची झेरॉक्स देऊ नये, फोटो काढू देऊ नये. कार्ड शक्यतो नजरेआड जाऊ देऊ नये.

बँकेचे इशारे मिळावेत म्हणून भारतीय मोबाइल क्रमांक रोमिंगवर चालू ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठे संरक्षण दिले आहे. चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही. उशीर केला की जबाबदारी वाढते. स्वतःच्या हलगर्जीपणामुळे, म्हणजे पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते. कार्ड हरवले तर पहिले काम अॅपवरून ते बंद करण्याचे, पोलिसांत तक्रार नंतर.

गैरसमज ७ : चेक-इन करताच हॉटेलने जादा पैसे कापले, म्हणजे फसवणूक झाली.

वस्तुस्थिती : हॉटेले आणि भाड्याने गाडी देणाऱ्या कंपन्या अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात. ती वसूल झालेली नसते, तुमच्या मर्यादेतून तेवढी बाजूला ठेवलेली असते. हिशेब पूर्ण झाल्यावर ती मोकळी होते, पण त्याला काही दिवस लागू शकतात. इथे क्रेडिट कार्डाचा खरा उपयोग होतो. डेबिट कार्ड दिले तर खात्यातले स्वतःचे पैसे अडकतात. अनेक गाडी-कंपन्या तर चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्डच मागतात.

गैरसमज ८ : एक चांगले कार्ड असले की बाकी कशाची गरज नाही.

वस्तुस्थिती : स्वीडनमध्ये अनेक दुकाने रोख घेतच नाहीत, तर जर्मनीतल्या काही छोट्या दुकानांत आणि उपाहारगृहांत परदेशी कार्ड चालत नाही. कार्ड हरवते, बँकेची यंत्रणा संशयाने व्यवहार थांबवते, मशीन बंद पडते. म्हणून वेगवेगळ्या नेटवर्कची दोन कार्डे न्यावीत आणि ती एकाच पाकिटात ठेवू नयेत. थोडी रोखही सोबत असावी. बहुतेक देशांसाठी एका दौऱ्याला ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, पण एवढ्या नोटा बाळगण्याची गरज क्वचितच पडते. फॉरेक्स कार्डात पैसे भरताना दर पक्का होतो, हा त्याचा फायदा. मात्र डॉलर भरलेले कार्ड युरोच्या देशात वापरले तर पुन्हा रूपांतराचे शुल्क पडते. ज्या देशात जायचे तेच चलन भरावे.

परदेशातला खर्च महाग होतो तो बहुतेकदा न वाचलेल्या अटींमुळे. निघण्यापूर्वी बँकेच्या संकेतस्थळावर आपल्या कार्डाची ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’ ही पत्रिका उघडा. मार्कअप, रुपयांतल्या परदेशी व्यवहाराचे शुल्क आणि रोख काढण्याचे शुल्क हे तीन आकडे कागदावर लिहून घ्या आणि घरातून जो कोणी प्रवासाला निघणार असेल त्याला समजावून सांगा. परतल्यावर बिल मुदतीत पूर्ण भरा. फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरलेत, तर उरलेल्या रकमेवर चढणारे व्याज वर वाचवलेला प्रत्येक रुपया परत घेऊन जाईल.