विमान लहान, हिशेब मोठा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले आणि पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बल्लारीमार्गे मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला पोहोचविले. त्यांचे एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान बंद केबिनमुळे सुखावह ठरले. आधीच्या ‘जिप्सी मॉथ’मध्ये उघड्यावर, वारा झेलत बसावे लागे.

आज खासगी विमान निवडताना आराम आणि वेग यांची तुलना होतेच. ‘सेस्ना १७२ एस’चे इंजिन १८० अश्वशक्तीचे व वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर. ‘सिरस एसआर२२’ ३१० अश्वशक्तीचे. वेग ताशी सुमारे ३३५ किलोमीटर, शिवाय संकटात संपूर्ण विमान तोलून धरणारे पॅराशूट. इंधन मात्र ताशी जवळजवळ दुप्पट. चेन्नई ते बंगळूर या सुमारे २९० किलोमीटरच्या हवाई अंतरात वाचतात ती वीस-पंचवीस मिनिटे.

खरी मेख वजनात आहे. सेस्नात आसने चार. परंतु चार प्रौढ व भरलेली टाकी यांचे वजन बहुधा मर्यादेबाहेर जाते. त्यात चेन्नईचा उन्हाळा! पारा ४० अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि समुद्रकाठचे विमानही सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यासारखे मंदावते. त्याला लांब धावपट्टी लागते.

कर्जप्रस्तावातील चुकीची बेरीज हप्ता थकल्यावर उमगते. विमानातील चूक मात्र धावपट्टी संपण्यापूर्वीच उमगते. म्हणून आसने नव्हे, आधी वजन मोजावे.