डांगराची बिअर, डांगराच्या चवीविना

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांचे फोटो येऊ लागतात. दारापुढे कोरलेली डांगरं, आणि हल्ली कुणाच्या तरी गॅरेजात फसफसणारी काचेची भलीमोठी बाटली. खाली लिहिलेलं असतं, घरी केलेली पम्पकिन बिअर. डांगर म्हणजे लाल भोपळा जालन्याच्या बाजारात काही अपूर्वाईचा नाही. त्यामुळे इकडेही प्रश्न पडतो की भोपळ्याची बिअर होते कशी आणि आपल्याला करता येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू, कारण ते लहान आहे. नाही. 1949 चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा परवान्याशिवाय मद्य तयार करू देत नाही आणि ‘घरच्यापुरतं’ अशी सवलतही त्यात नाही. नाल्याकाठची हातभट्टी असो की बाल्कनीतली हौशी बादली, दोन्ही विनापरवाना निर्मितीच. अमेरिकेतही ही मोकळीक जुनी नाही. तिथली दारूबंदी 1933 साली उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती गाठ सुटली ऑक्टोबर 1978 मध्ये, जिमी कार्टर यांच्या सहीने. महाराष्ट्रात कायदेशीर वाट आहे ती मायक्रोब्रुअरीच्या परवान्याची. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, ‘डूलाली’, 2009 मध्ये पुण्यात सुरू झाली.

आता पहिला प्रश्न. बिअरचं सगळं गणित साखरेचं आहे. यीस्टला साखर लागते. ती खाऊन ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बार्लीच्या दाण्यात मात्र साखर नसते, स्टार्च असतो. म्हणून बार्लीला मोड आणतात आणि वाळवतात. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरं तयार होतात. हे माल्ट भरडून 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवलं की ती विकरं स्टार्च तोडून साखर करतात. मग तो गोड रस हॉप्स नावाची कडवट फुलं घालून तासभर उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. आठवडा-दोन आठवड्यांत बिअर तयार.

यात डांगर येतं कुठे? भाजून, गर काढून, माल्टसोबत त्याच गरम पाण्यात. हौशी मंडळी वीसेक लिटरच्या घाण्याला साडेचार किलो माल्ट आणि तीनेक किलो डांगर घेतात. पण हिशेब करून पाहा. डांगरात नव्वद टक्के पाणी. शंभर ग्रॅममध्ये कर्बोदकं जेमतेम सहा-सात ग्रॅम. म्हणजे तीन किलोंतून मिळणार साधारण दोनशे ग्रॅम. तेवढ्याच घाण्यात माल्ट अडीच किलोंच्या आसपास साखर देऊन जातं. शिवाय गराने भांड्याच्या तळाची जाळी तुंबते. रस गळावा म्हणून भाताचं तूस मिसळावं लागतं, ते वेगळंच.

मग ही उठाठेव सुरू कुणी केली? उत्तर अमेरिकेत जाऊन वसलेल्या इंग्रजांनी, नाइलाज म्हणून. बार्ली धड पिकत नव्हती, माल्ट बोटीने मागवणं महाग, आणि डांगर मात्र उदंड, कारण ते मूळचं तिकडचंच. फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या 1771 सालच्या कागदांत एक कृती आहे: डांगर कुटून सफरचंदासारखं पिळायचं आणि तो रस उकळायचा. पुढे माल्ट मुबलक झालं आणि लोकांनी डांगर सोडून दिलं. यात मला नवल वाटत नाही.

ते परत आणलं बिल ओवेन्स या छायाचित्रकाराने. कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावी ‘बफेलो बिल्स’ नावाची ब्रुअरी काढून 1980 च्या दशकात त्याने डांगराची बिअर केली. चाखली तर डांगराची चवच नाही! शेवटी त्याने तिथल्या डांगराच्या ‘पाय’ नावाच्या पक्वान्नात पडतो तो मसाला आणला (दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ), त्याचा काढा करून बिअरमध्ये ओतला, आणि ती चालली. आज जगभर पम्पकिन बिअर म्हणून ओळखली जाते ती चव या काढ्याची. घारगे करणाऱ्या कुठल्याही बाईने त्याला हे आधी सांगितलं असतं. घारग्याला रंग आणि लुसलुशीतपणा डांगर देतं. वास येतो तो गूळ, वेलदोडा आणि जायफळाचा.

इथे शाळू पिकवणारा वाचक विचारेल, बार्लीऐवजी ज्वारी का नको? चालते. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते. नायजेरियाने 1988 मध्ये बार्लीची आयात बंद केली तेव्हा तिथले मोठमोठे कारखानेही ज्वारीकडे वळले. पण ज्वारीचा स्टार्च फुलायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते आणि माल्टमधली विकरं तेवढ्या उष्णतेत मरू लागतात, म्हणून दोन टप्प्यांत काम करावं लागतं. दुसरी अडचण आपल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते, तिला कारण असलेलं सायनाइड तयार करणारं द्रव्य ज्वारीच्या कोंबातही असतं. मोड वाळवून ते कोंब चोळून काढण्याची रीत आहे, ती उगाच नाही.

जालन्याची हवाही या कामाला फारशी राजी नाही. एल जातीच्या यीस्टला 18 ते 22 अंश मानवतात. ऊन तापलं की ते घाईने काम उरकतं आणि बिअरला थिनरसारखा वास येतो. पौष-माघातच काय ते जमेल. पाण्याचं तर बोलायलाच नको. चांगल्या चाललेल्या कारखान्यातही लिटरभर बिअरमागे तीन-चार लिटर पाणी लागतं. म्हणूनच 2016 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औरंगाबाद खंडपीठाने कपातीचा आदेश दिला.

आंबवायची हौस कायद्यात राहून भागवायची, तर ज्वारीची आंबील आहे. लातूर-धाराशिवकडे वेळअमावस्येला तिचे माठ शेतात जातात. तिथे काम यीस्टपेक्षा दुधाम्ल करणाऱ्या जिवाणूंचं असतं, त्यामुळे आंबटपणा येतो, नशा नाही. ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात भिजवावं, सकाळी शिजवताना डांगराचा भाजलेला गर वाटीभर घोटावा, सुंठ, जिरं आणि किंचित जायफळ घालावं. गर गोड असल्याने ती नेहमीपेक्षा लवकर आंबते. दुपारच्या जेवणाला संपवावी. रात्रीपर्यंत ठेवली तर तोंड वाकडं होतं.